जांभळाच्या वाईनचा पाचवा पेला

गेल्या भाद्रपदात, गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता माझ्या मैत्रिणीवर अन्याय झाला. तो आम्ही चार मित्रांनी केला.

शिरोळहून जांभळं तिनंच आणलेली. साखर आणि यीस्ट घालून तिनं ती बरणीत मुरवली. दोन महिने रोज शिरोली एमआयडीसीत कामाला निघताना ती झाकण सैल करून कोंडलेला वायू सोडायची. कान लावला की बरणी झोपेत पुटपुटल्यासारखी वाटायची.

त्या दुपारी तिच्या खोलीत वाईनमधून आलेलं ऊन भिंतीवर जांभळं होऊन डुलत होतं. आम्ही चारच पेले भरले.

"तू सरबत घे की," एकजण तिला म्हणाला. "बाईमाणसाला चढंल."

"व्हय रं? दोन महिने वास घेतला तवा न्हाय चढली ती?"

आम्ही हसलो आणि प्यायलो. तुरट गोडीनं जीभ जड झाली, बाहेरचा रंकाळा तलाव खिडकीपाशी सरकल्यासारखा वाटला. कुणालाच थांबावंसं वाटेना. बरणी संपली तेव्हा तिनं तळाचा गाळ बोटानं चाटला. स्वतःची वाईन तिला तेवढीच मिळाली.

तुमच्या मैफलीत पहिला पेला वाईन करणारीच्या हातात द्या. ती प्यायल्याशिवाय स्वतःचा उचलू नका.