डेल्बर्ट स्टॅन्सिलचे पन्नास डॉलर

माझा भाऊ डेल्बर्ट स्टॅन्सिल याने कुणाला तरी ठोकलं, यात आमच्या हॅडली गावाला काही नवल नव्हतं. आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमबद्दल वाकडं बोलला म्हणून त्याने एकदा चर्चच्या अंगणातच पाद्र्याच्या जावयाचे दोन दात पाडले होते, आणि लोकांनी उलट जावयालाच सुनावलं होतं. पण या वेळी त्याने हात मोडला तो आपल्याच टीमच्या पोराचा, ट्रेव्हिन गेनीचा, आणि तोही चेंडू फेकायचा उजवा हात. आमच्याकडचा फुटबॉल पायाने कमी, हाताने जास्त खेळतात. त्यात माझंही तोंड नडलं. म्हणून हे मीच सांगणार. गावातली बाकीची मंडळी सांगतील ते ऐकू नका, त्यांना लाज नाही.

मी नदीन, डेल्बर्टपेक्षा पाच वर्षांनी धाकटी. कॉलेजच्या स्टेडियमसमोरच्या हॉटेलात बावीस वर्षं टेबलं सांभाळते.

आमचा बाप हात उचलणारा. डेल्बर्टला पट्टा, आईला उलट्या हाताची, मला केसांना धरून भिंतीवर. आठवड्याचे सहा दिवस आमच्या घरात कुणी मोठ्याने शिंकायचं नाही. पण शनिवारी मॅच असली की तोच बाप डेल्बर्टच्या खांद्यावर हात टाकून त्याला स्टेडियममध्ये न्यायचा, उकडलेल्या शेंगा सोलून द्यायचा, आपल्या टीमने चेंडू पलीकडे नेला की उचलून घ्यायचा. आठ वर्षांच्या पोराने यातून जे शिकायचं ते तो शिकला. पुढे लग्न मोडलं, पोरगी टेक्ससला निघून गेली ती फोनही करेना. जीव लावायला त्याच्याकडे ती टीम तेवढी राहिली. ती गेली असती तर नुसत्या कोंबड्या उरल्या असत्या.

कोंबड्यांचं सांगते, म्हणजे माणूस कळेल. आमच्या मिसिसिपीत अर्धं गाव त्यावर जगतं. कारखान्यात जिवंत कोंबड्या पट्ट्यावरून येतात. एकेक पकडायची, उलटी करायची, तंगड्या वरच्या आकड्यात अडकवायच्या. मिनिटाला बावीस. त्या चोची मारतात, ओरबाडतात, तोंडावर हगतात. पुढच्या खोलीत पातं फिरत असतं. आणि मागे फोरमन घड्याळ घेऊन उभा: "स्टॅन्सिल, आकडा रिकामा गेला! झोप लागली का? फुकटचा पगार देतोय का तुला?" एकतीस वर्षं डेल्बर्टने हे ऐकलं आणि एकदाही उलटून बोलला नाही. सगळं पोटात ठेवायचा आणि शनिवारी स्टेडियममध्ये ओकायचा.

आम्ही तरी तिथे काय फुलं बघायला जात होतो? धावत आलेला पोरगा समोरच्याच्या छातीत डोकं घालतो तेव्हा जो आवाज येतो ना, तो ऐकायला जायचो. एकदा समोरच्या टीममधल्या पोराचं नडगीचं हाड पायमोज्यातून बाहेर आलं. मी आधी आनंदाने ओरडले आणि मग तोंडावर हात ठेवला. डेल्बर्टने तेवढाही ठेवला नाही.

पण आपल्या पोराची गोष्ट वेगळी असायची. त्याने माती खाल्ली तरी तो आपला. एका वर्षी आमच्या एका पोराने अगदी शेवटच्या क्षणाला साधी समोरची किक चुकवली आणि अख्खा मोसम पाण्यात गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या वसतिगृहाच्या पायरीवर चौदा केक होते, त्यातला एक माझा. डेल्बर्ट दारात उभा राहून त्याला म्हणाला, "अरे, रडतोस काय? माझ्या हातून रोज आकडे चुकतात. चल, जेवायला चल." केवढं बरं वाटलं होतं मला भावाबद्दल!

ती पोरं फुकट खेळायची. ते बरं होतं असं मी मुळीच म्हणत नाही. लोनी पेट्रीच्या गुडघ्याची वाटी फुटली, तर कॉलेजने त्याला चौकटीतला फोटो दिला. आज तो लंगडत डेल्बर्टच्या शेजारीच कोंबड्या टांगतो. कोचला मात्र तळ्याकाठी बंगला. त्यामुळे आता पोरांना पैसे मिळणार असं ठरलं तेव्हा मी म्हटलं, बरं झालं मेल्यांनो, उशिरा का होईना सुचलं.

मग वर्गणी गोळा करायला क्लब निघाला. आपण पैसे जमवले नाहीत तर चांगली पोरं दुसरं कॉलेज पळवणार, असं क्लबवाले सांगायचे. डेल्बर्टने महिना पन्नास डॉलर लावले. खांद्याची औषधं बंद केली आणि लावले.

"अरे, खांद्याचं काय?" मी विचारलं.

"खांदा माझ्या एकट्याचा आहे. टीम सगळ्यांची आहे."

असं बोलल्यावर काय डोकं फोडणार!

त्या पैशांवर फ्लोरिडाहून चेंडू फेकायला ट्रेव्हिन आला. वीस वर्षांचा, दारात उभा राहिला तर उजेड अडायचा. सात लाख डॉलर घेतले म्हणे. खरं त्याचं त्याला माहीत. गाड्यांच्या दुकानदाराने जाहिरातीसाठी त्याला पांढरा पिकअप दिला होता. दर रविवारी तो माझ्याच टेबलावर बसायचा.

"मिस नदीन, ग्रेव्ही जरा जास्त हं."

"जास्त कशाला, पातेलंच आणते की, ढोल्या!"

"चालेल मॅडम. फक्त माझ्या आईला सांगू नका."

पहिले सहा सामने जिंकलो. डेल्बर्ट सगळ्यांना सांगत फिरायचा, "माझा पोरगा, माझा पोरगा." सातवा हरलो आणि माझ्या लक्षात आलं की तो पोरगा म्हणेनासा झालाय. "माझे पैसे" म्हणायला लागला. ट्रेव्हिनची फेक हुकली की कठड्यावर चढून बोंबलायचा, "ए! झोप लागली का? फुकटचा पगार देतोय का तुला?" मी चरकलेच. शब्द न् शब्द फोरमनचे! एकतीस वर्षं ज्याने नुसतं ऐकून घेतलं, त्याला पन्नास डॉलरमध्ये पहिल्यांदा कुणावर तरी ओरडायला मिळालं होतं. आमच्या रांगेतले सगळेच तसं ओरडायला लागले होते, आणि सगळेच कुणाच्या ना कुणाच्या हाताखाली राबणारे.

"डेल्बर्ट, वीस वर्षांचं पोर आहे रे ते."

"पोर कसलं आलंय? माझा वीस वर्षांचा पगार एका वर्षात उचललाय त्याने. नोकर आहे तो. नोकराने काम करावं."

नोव्हेंबरमध्ये शेवटची मॅच शेजारच्या ब्रायरटनशी. तिथल्या लोकांशी आमचं आजोबांपासून वाकडं. त्या दिवशी त्यांनी ट्रेव्हिनला अक्षरशः तुडवला. तिघांनी मिळून आपटला, वर बसले, उठताना एकाने त्याच्या डोळ्यात बोट घातलं. तिसऱ्यांदा पडला तेव्हा हेल्मेट उडालं आणि तोंडातून रक्त आलं. ते थुंकून तो परत उभा राहिला. नऊ सेकंद उरले होते, एक फेक आणि सामना आमचा. ट्रेव्हिनने चेंडू सरळ ब्रायरटनच्या पोराच्या हातात फेकला.

मग जे झालं ते मी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. आमच्याच लोकांनी आमच्याच पोरावर बाटल्या फेकल्या, बर्फ फेकला, कुणी तरी बूट फेकला. "पैसे परत दे, हरामखोरा!" एक म्हातारा मध्ये पडला, "लाजा नाही वाटत का रे," म्हणाला, तर डेल्बर्टने त्याला ढकलला. तो पाच पायऱ्या गडगडत गेला आणि कपाळ फुटलं. डेल्बर्टने वळूनही पाहिलं नाही. पायऱ्यांवर लोक एकमेकांच्या नरड्याला धरत होते, आणि मी पर्स छातीशी धरून बाहेर पळाले.

रविवारी दुपारी ट्रेव्हिन हॉटेलात आला. एक डोळा सुजून बंद, ओठाला टाके. मला म्हटलं तर दया यायला हवी होती. पण मीही याच गावची. त्याने खायला मागवलं, मान खाली घालून कुणाशी तरी फोनवर बोलत बसला, आणि मधेच हसला. हसला हो! माझं टाळकंच सटकलं. माझा भाऊ घरी भिंतीवर मुठी आपटतोय, आणि हा इथे दोन ताटं पुढ्यात घेऊन हसतोय!

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. डेल्बर्ट.

"तिथे आहे का तो?"

तो आवाज मी ओळखला. आमचा बाप पट्टा काढायच्या आधी तसाच शांत बोलायचा. नाही म्हणायला काय जात होतं माझं? एक शब्द. पण मी म्हटलं, "आहे. कोपऱ्यात बसून खिदळतोय."

सात-आठ मिनिटं गेली असतील. ट्रेव्हिन जेवून बाहेर गेला, पिकअपचं दार उघडलं, आत चढायला उजवा हात चौकटीवर ठेवला. मी काचेतून बघत होते, हातात कॉफीचं काचेचं भांडं. डेल्बर्ट मागून आला.

"हसतोस? माझ्या पैशांवर हसतोस?"

ट्रेव्हिन वळला. "सर, काय झालं?"

डेल्बर्टने अख्खं अंग टाकून दार लावलं. काच बंद असूनही तो आवाज मला ऐकू आला. हाड मोडल्याचा आवाज आम्हाला ओळखता येतो, त्यासाठीच तर आम्ही तिकिटं काढतो. मग त्याने दार उघडलं, पोराला हात काढायला सुचायच्या आत परत आपटलं. एकदा नाही, दोनदा! ट्रेव्हिन गुडघ्यांवर बसला. ओरडलासुद्धा नाही. डेल्बर्ट त्याच्या बरगड्यांत लाथा घालत होता आणि ओरडत होता, "ऊठ! काम कर! ऊठ!"

हॉटेलात अकरा माणसं जेवत होती. एकही उठला नाही. दोघं मोबाइलवर शूटिंग करत होते आणि एक म्हणाला, "बरं केलं." मी धावत बाहेर गेले आणि कॉफीचं भांडं डेल्बर्टच्या डोक्यात घातलं. काच फुटली, उकळती कॉफी त्याच्या मानेवरून उतरली, टाळूतून रक्त आलं. तेव्हा कुठे तो थांबला. खाली वाकून त्याने ट्रेव्हिनचा हात पाहिला. बोटं नको त्या बाजूला वळली होती.

"नदीन," तो म्हणाला, "अगं, हा फेकायचा हात आहे."

"आता कळलं का, मेल्या?" मी किंचाळले, आणि पोराचं डोकं मांडीवर घेतलं.

मंगळवारी सकाळी कोर्ट होतं. मी लवकर गेले, तरी बाकं भरलेली. आणि सगळ्यांच्या अंगात टीमचे शर्ट, पाठीवर अकरा नंबर, म्हणजे ट्रेव्हिनचाच. नव्वद डॉलरला एक घेतलेला, फेकून थोडाच देतात! मला पुढून दुसऱ्या रांगेत जागा मिळाली. माझ्या पुढच्याच बाकावर ट्रेव्हिन, कोपरापर्यंत प्लास्टर, नजर जमिनीवर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मूठ वळेल, पण फेकता येईल की नाही ते देवाला ठाऊक. शेजारी त्याची आई, रात्रभर बसने आलेली, लहानखुरी बाई, डोक्यावर चर्चची टोपी. तिने मागे वळून सगळी बाकं पाहिली आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"बघा हो मॅडम, किती माणसं! सगळ्यांच्या पाठीवर माझ्या लेकाचा नंबर. मला वाटलं होतं इथे त्याचं कुणी नाही. परवा जेवताना फोनवर रडत होता हो, म्हणाला आई, मी सगळ्या गावाला तोंडघशी पाडलं. कसंबसं हसवलं मी त्याला."

मी कोण ते सांगायला हवं होतं. ही माणसं कशाला आलीत तेही सांगायला हवं होतं. मी नुसती "हो" म्हणाले.

बाजूचं दार उघडलं आणि डेल्बर्टला आणलं. हातात बेड्या, डोक्याला पट्टी. अख्खं कोर्ट उभं राहिलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. "शाबास डेल्बर्ट!" कुणी तरी ओरडलं, पण त्या गलक्यात शब्द कुठले कळायला! डेल्बर्टचा चेहरा पांढरा पडला. गप्प करायला त्याने बेड्यांसकट दोन्ही हात वर केले. लोकांना वाटलं तो आपल्याला बघून हात हलवतोय, आणि त्यांनी आणखी जोरात वाजवल्या.

मिसेस गेनीही उभी राहिली. तिची पाठ दाराकडे होती, तोंड लोकांकडे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. छातीवर हात ठेवून ती एकेका रांगेकडे बघून मान लववत होती, "थँक्यू. देव तुमचं भलं करो. थँक्यू."

ट्रेव्हिनने डाव्या हाताने तिचा कोट ओढला. "आई, खाली बस. आई, ते आपल्यासाठी नाहीये."

तिला ते ऐकू आलं नाही. दोन रांगांचे आभार मानून झाल्यावरच ती बसली.