रेवतीचं लग्न

नवऱ्याला हे माहीत नाही. ज्या मैत्रिणीला मी बाकी सगळं सांगते तिलाही नाही. आणि जिला सांगायला हवं होतं, तिच्याशी तर दर आठवड्याला फोनवर बोलते — भाव, हवा, म्हशीचं दूध — आणि फोन ठेवते.

मी बरीच वर्षं सांगलीत एका दैनिकाच्या डेस्कवर काम केलं. तिथं पहिली शिकवण असते ती ही, की मुख्य गोष्ट पहिल्या वाक्यात आली पाहिजे. कुणी, कुठं, काय केलं. दुसऱ्यांच्या बातम्या मी अशाच कापल्या. आज मात्र पहिलं वाक्य लिहिते आणि खोडते. तेव्हा जरा थांबा माझ्यासाठी. मी तिथपर्यंत येते — पण वळसा घेऊन येते.

आधी मालिकेचं सांगते. तिचं नाव सांगत नाही. तुमच्या घरी बहुतेक लागत असेल, संध्याकाळी सातला. रेवती नावाची बाई, नवरा अपघातात गेलेला, घरात सासू आणि ती. दुःखातून हळूहळू उठून पुन्हा संसार उभा करते, अशी गोष्ट. निर्मात्यांना साताऱ्याकडची बोली येणारं माणूस हवं होतं. कुणीतरी माझं नाव सुचवलं. डेस्क सोडलं आणि मी संवाद लिहू लागले.

रेवती मी कुठून आणली? दूर जावं लागलं नाही.

माझा थोरला भाऊ उंब्रजजवळ हायवेवर अपघातात गेला. मोटारसायकलवर होता. सुनंदा वहिनीला तेव्हा तिशीही लागली नव्हती. मूलबाळ नाही. तिचं माहेर शिराळ्याचं. दिवसकार्य झाल्यावर तिचे भाऊ न्यायला आले, तेव्हा ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली की आत्या एकट्या पडतील. सासूला ती आत्या म्हणायची. मग कोरेगावच्या त्या घरात आई आणि वहिनी राहिल्या, मागं दोन म्हशी, थोडं रान, विहिरीवरची मोटर. मी सांगलीहून पंधरा दिवसांनी फळं घेऊन जायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचे.

वहिनी रडताना मोरीतला नळ सोडायची. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. एकदा दारापाशी उभी राहून मी ते ऐकलं होतं. पुढं रेवतीला मी तो नळ दिला. महाराष्ट्रभर बायका त्या प्रसंगाला रडल्या. वहिनीनं एवढंच विचारलं, "वन्सं, नळाचं तुमाला कुनी सांगितलं?" मी म्हणाले, सुचलं. तिनं मान हलवली आणि पुढं कधी तो विषय काढला नाही. माझा गुन्हा एवढाच असता — तर मी हे लिहायला बसलेच नसते.

शूटिंग साताऱ्याजवळच्या एका गावात चालायचं. एका शेडमध्ये रेवतीचं घर उभं केलं होतं. चूल, मांडणी, भिंतीवर कॅलेंडर. खिडकीबाहेरचा ऊस कापडावर रंगवलेला, त्याच्यावर दिव्याचं पिवळं ऊन. दुपारी शूटिंग थांबलं की मी त्या स्वयंपाकघरात एकटी बसून राहायचे. बाहेर खरं धुकं असलं तरी आत नेहमी तेच ऊन. तिथून कोरेगावला गेले की वाटायचं, इथलीही एखादी भिंत नुसत्या बोटानं सरकेल. टीव्हीच्या निळसर उजेडात आई आणि वहिनी शेजारी शेजारी बसलेल्या असायच्या, आणि पडद्यावरही तशाच दोघी. कोण कुणाकडं बघतंय? त्या काळातलं काही आठवायला गेले की अजूनही नक्की सांगता येत नाही — हे घडलं, की मी लिहिलं? बातमीदारानं असं म्हणू नये. पण तसं होतं खरं.

आता पुढचं घडलेलंच आहे. त्याबद्दल मला शंका नाही.

कोरेगावात माने म्हणून एक जण मोटर वाइंडिंगचं दुकान चालवायचे. विहिरीची मोटर जळली की तेच काढून न्यायचे, तार भरून परत बसवायचे. त्यांची बायको आजारपणात गेलेली. मोजकं बोलणारा माणूस. एका दुपारी परसात कोथिंबीर निवडता निवडता वहिनी मला म्हणाली, "त्यांनी इचारलंय." कुणी, काय, हे मला विचारावं लागलं नाही. तिनं अजून होय किंवा नाही सांगितलं नव्हतं. पण कोथिंबिरीच्या काड्या ती एकीकडं टाकायच्या ऐवजी पुन्हा जुडीतच ठेवत होती.

आमच्याकडं अशी गोष्ट सरळ विचारत नाहीत. आधी खडा टाकून बघतात. कुणाची तरी, कुठल्या तरी गावची लेक, तिचं असं झालं म्हणे — असं म्हणायचं आणि समोरच्याचा चेहरा बघायचा. चेहरा उतरला तर गोष्ट त्या दुसऱ्या गावातच राहते, कुणाचा अपमान होत नाही. वहिनीसाठी खडा टाकणारं कुणी नव्हतं. म्हणून तिनं एक शक्कल काढली. मी आजवर ऐकलेली सगळ्यांत हुशार शक्कल.

"वन्सं, तुमच्या रेवतीचं लगीन लावता का? आत्या रोज बघत्यात. काय म्हनत्यात ते तरी कळंल."

मी म्हणाले, बघते.

योगायोग असा, की मुंबईतल्या चॅनेलच्या लोकांच्या मनातही तेच होतं. रेवतीच्या आयुष्यात कुणी आणावं का? फक्त त्यांना धास्ती होती — गावाकडच्या बायका काय म्हणतील? मी मूळची पत्रकार. तेव्हा फिरून कानोसा घे आणि आम्हाला सांग, असं ठरलं. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. का नसावा?

मी फिरले. उंब्रजला बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या शमाबी भेटल्या. एका पोरीच्या हातात बांगडी सरकवता सरकवता त्या म्हणाल्या, "करू द्या की तिला लगीन. तुमी लिवताय म्हून रडतीया ती. न्हाई तर कवाच उठली असती." दुकानातल्या सगळ्या हसल्या. सांगलीजवळ हळदीचा व्यापार करणाऱ्या एका जैन घरात गेले. दारापासूनच हळदीचा वास, ओट्यावर, पायरीवर पिवळी धूळ. त्यांचं जेवण दिवस मावळायच्या आत उरकलेलं असतं, त्यामुळं सातला अख्खं घर निवांत टीव्हीपुढं असतं. तिथल्या आजी गंभीरपणे म्हणाल्या, "मुलगा निर्व्यसनी दाखवा. आणि सासू रडताना दाखवू नका बाई, फार लांबवता तुम्ही." जिथं गेले तिथं थोड्याफार फरकानं हेच ऐकलं. शिराळ्याला मी गेले नाही. तिथं वहिनीची आई राहते.

शेवटी कोरेगाव. वहिनी डेअरीला दूध घालायला गेली होती. आई खाटेवर बसली होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं — रेवतीचं लग्न झालेलं चालेल का गं तुला?

आईनं पदरानं चष्मा पुसला. मग म्हणाली, "लावून टाक की. तरणी पोर हाय. किती दिस सासूच्या गोळ्या काढून देत बसंल?"

"आणि सासू?"

"सासूला लेक हाय न्हवं? तूच दाखवलीयास की. तिच्याकडं जाईल सासू."

मालिकेत सासूला एक मुलगी होती, हे खरं. सणावाराला यायची, मिठाई आणायची, दोन वाक्यं बोलून जायची. मीच लिहिली होती. आईचे डोळे माझ्याकडं होते. ती रेवतीबद्दल बोलत होती का? मला तेव्हाही कळलं होतं, की नाही. खडा वहिनीनं टाकला होता, तो झेलून आईनं मला उत्तर दिलं होतं — आणि त्या उत्तरात माझ्यासाठी एक प्रश्न होता.

मी म्हणाले, बघू, चॅनेलवर आहे सगळं.

सांगलीला परत येताना मी गाडीत काय विचार करत होते, ते मला स्पष्ट आठवतं. माझ्या फ्लॅटमध्ये दोन खोल्या. एकीत माझं टेबल. तिथं आईची खाट. तिची पथ्यं, तिचा खोकला, तिची सकाळी लवकर उठायची सवय. मला आई नको होती का? हवी होती — कोरेगावला. कुणीतरी तिचं सगळं करत असताना. मी फळं घेऊन जावं आणि संध्याकाळी परत यावं, अशी हवी होती.

मुंबईच्या लोकांबरोबर बैठक फोनवर झाली. मी शांतपणे, मुद्देसूद बोलले. गावाकडचा प्रेक्षक हे स्वीकारणार नाही, असं म्हणाले. सातारा-सांगली दोन्हीकडं विरोध आहे, मी स्वतः घरोघर जाऊन आले. अगदी माझ्या आईलाही हे रुचलं नाही. कुणी उलट प्रश्न विचारला नाही. डेस्कवर असताना, न घडलेलं छापलं म्हणून मी एका पोराला घरी बसवायला लावलं होतं.

मग त्यांनी विचारलं, रेवतीच्या ओळखीचा तो जो शेजारी आपण आणलाय, त्याचं काय करायचं? तोही मीच लिहिलेला — सायकलचं दुकान, कमी बोलणारा. मी सुचवलं, की त्याचा डोळा तिच्या जमिनीवर होता असं दाखवू. सगळ्यांना आवडलं. रेवती त्याला हाकलून देते आणि स्वतःचा मसाल्यांचा धंदा सुरू करते. पुढं या वळणाचं फार कौतुक झालं. पुरुषाच्या आधाराशिवाय उभी राहणारी स्त्री, असं माझ्याविषयीच्या लेखात छापून आलं. मी तो लेख कापून ठेवला नाही, पण वाचला — एकदाच नाही.

आणि वहिनी? तिला मी परसातच सांगितलं. चॅनेलनं नाही म्हटलं. आणि मी आईलाही विचारून बघितलं, रेवतीचं म्हणून. आईला नाही पटलं, वहिनी.

हेच ते वाक्य. एवढ्या वळशानंतर — इथंच यायचं होतं मला. आईला पटलं होतं. आईनं स्वतःच्या जाण्याची जागासुद्धा सांगितली होती.

वहिनी म्हणाली, "बरं." पदर खोचत पुन्हा म्हणाली, "बरं झालं इचारलं ते. उगंच माज्या मनात काय बाय." आणि म्हशीला वैरण टाकायला गेली.

तो सायकलवाला खोटा निघतो, तो भाग लागला तेव्हा मी कोरेगावातच होते. दोघी नेहमीसारख्या शेजारी बसलेल्या. उजेड दोघींच्या तोंडावर सारखाच हलत होता. मला वाटत होतं, मी पाण्याखाली बसले आहे आणि आवाज फार वरून येतायत. भाग संपायच्या आत वहिनी दूध बघायला म्हणून उठली. आई पडद्याकडं बघतच होती. जाहिराती लागल्या तेव्हा मला म्हणाली, आत ऐकू जाणार नाही अशा आवाजात —

"म्हंजी लेकीनं न्हाई म्हटलं व्हय."

मी म्हणाले, चॅनेलनं ठरवलं, आई.

"व्हय व्हय," ती म्हणाली.

त्यानंतर आईनं तो विषय काढला नाही, आणि माझ्याकडं राहायला ये म्हटलं की तिथं करमत नाही म्हणायची. मी म्हणायचे, पण फार आग्रहानं नाही. मान्यांनी वर्षभरात कराडकडची मुलगी केली. वहिनी त्यांच्या सत्यनारायणाला गेली, प्रसाद घेऊन आली, आईला दिला. आई आणखी काही वर्षं होती. शेवटी अंथरुणाला खिळली, तेव्हा सगळं वहिनीनं केलं. दोघींनी इतकी वर्षं एका खोलीत घालवली — एकीला वाटत होतं की सासूचं मन नाही, दुसरीला वाटत होतं की लेकीच्या घरात जागा नाही म्हणून ही पोर अडकली. एकदा जरी दोघी सरळ बोलल्या असत्या तर? पण त्यांचं बोलणं माझ्याकडून व्हायचं होतं. तसा भरवसा त्यांनी ठेवला होता.

वहिनी आता त्या घरात एकटी राहते. केस पांढरे झालेत. मालिका कधीच संपली, दुपारी कुठल्यातरी वाहिनीवर पुन्हा दाखवतात. ती बघते का, मी विचारलेलं नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही सगळ्या कोरेगावला जमलो होतो. चुलत बहिणी, त्यांच्या सुना. वहिनी चकल्या तळत होती. कुणीतरी गमतीनं तिला विचारलं, की तुमाला कधी पुन्हा लगीन करावंसं वाटलं न्हाई का वो? मला वाटलं, ती हसून टाळेल. तिनं झाऱ्यावर तेल निथळू दिलं आणि सांगितलं, जणू दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

"एकानं इचारलं व्हतं. आत्यांचं मन नव्हतं. पर वन्संनी माज्यासाठी त्यांना इचारून बघितलं. नणंद असं इचारती व्हय कुठं? तेवढं मी इसरायची न्हाई."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. त्यांच्या नजरेत आदर होता. एका सुनेनं माझ्या हातावर हात ठेवला. बोलायला पुष्कळ वेळ होता, आणि आई आता नव्हती, की कुणाची पंचाईत होईल. मी मान खाली घालून जरा हसले — असं हसले, की जसं काही, त्यात काय एवढं.

वहिनीनं माझ्या ताटलीत आणखी एक चकली ठेवली. ती मी खाल्ली.