दहा वाजताची रांगोळी

त्या वर्षांतल्या सकाळी मला अजूनही अर्ध्या झोपेतल्यासारख्याच आठवतात. मल्लेश्वरमच्या आमच्या गल्लीत धुकं उतरलेलं असायचं, शेजारून कॉफीचा वास यायचा, आणि दारोदारी बायका फरशीवर पाणी मारायच्या. चप्प, चप्प. त्या आवाजावरून कोण उठलंय ते मला पडल्यापडल्या कळायचं. मी मात्र छताकडे बघत पाठीची मनधरणी करत असायची. आधी कुशीवर वळायचं, मग कोपर टेकायचं, पाय खाली सोडायचे, भिंत धरायची. एवढ्याला पंधरा मिनिटं. वय किती माझं? सव्वीस!

सांगलीहून लग्न होऊन मी बंगळुरात आले ती नव्वदीच्या सुरुवातीला. सासरची मंडळी तिथं कित्येक पिढ्यांची. सासूबाई 'थोडं' म्हणून कधी म्हणायच्याच नाहीत, 'स्वल्प' म्हणायच्या, आणि रागावल्या की निम्मं मराठीत, निम्मं कानडीत. उजाडायच्या आत सुनेनं सडा घालून रांगोळी काढायची, हा त्यांचा नियम. आमच्या गल्लीत एखाद्या दारापुढची जागा सकाळी कोरी दिसली, की त्या घरात कोणी गेलं असं समजायचे. जित्याजागत्या माणसांच्या दारात कोरी फरशी सासूबाईंना बघवायची नाही.

आजार हत्तीच्या पावलांनी येतो म्हणतात. माझा मेला मुंगीच्या पावलांनी आला. आधी कंबरेच्या खाली, कधी डाव्या बाजूला, कधी उजव्या. मग टाचा. उजाडायच्या कितीतरी आधी दुखण्यानंच जाग यायची. गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांनी पट्टा बांधायला सांगितला आणि महिनाभर आराम. मी आठवडाभर आराम केला आणि अंगाचं पार लाकूड झालं.

पण दहा वाजले की पाठ सुटायची. अगदी सुटायची! मग मी चटणी वाटायची, कपडे बडवायची, बाजारापर्यंत पायी जाऊन यायची. एकदा भलामोठा भोपळा घेऊन आले, तर सासूबाई पायरीवरच बसलेल्या.

"सकाळी चिमूटभर रांगोळी टाकायला वाकता येत नाही, आणि आता भोपळा उचलवला? नाचता येईना, अंगण वाकडं! सोंग कुणापुढं करतेस?"

"मग एक दिवस माझ्या पाठीत येऊन राहा तुम्ही!" मी ओरडले आणि भोपळा धाडकन खाली ठेवला.

नवरा दोघींनाही कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणायचा आणि ऑफिसला पळायचा. मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. पाठीपेक्षा ते 'सोंग' मला जास्त लागलं. सगळ्यात वाईट म्हणजे मलाच वाटायला लागलं, की खरंच मी आळशी तर नाही ना? रोज दहाला बरं होणारं दुखणं कुठं असतं का?

मग ती सकाळ आली. गुडघे टेकून मी कसेबसे तीन ठिपके काढले, आणि चौथ्याला हात पोचेना. उठताही येईना. धुक्यात मी तशीच बसून राहिले, समोर ते तीन ठिपके. सासूबाई कॉफीचा लोटा घेऊन दारात आल्या. त्यांनी लोटा ठेवला, काखेत हात घालून मला उभं केलं. मग म्हणाल्या, "चल, आज मोठ्या दवाखान्यात. डॉक्टरांसमोरच तुझं सोंग उतरवते."

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी मला विचारायला सुरुवात केली, पण सासूबाई मला बोलू देतील तर ना! "मी सांगते, डॉक्टर. ही सकाळी माझ्यापेक्षा म्हातारी. दुपारी धावते! निजून राहिली की कण्हते, कामाला लागली की बरी. असं दुखणं कधी ऐकलंय?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अम्मा, स्वल्प सावकाश. पुन्हा एकदा सांगा."

सासूबाईंनी पुन्हा सांगितलं. ह्या खेपेला आवाज जरा उतरला होता. डॉक्टरांनी मला वाकायला लावलं, भिंतीला टाचा लावून उभं केलं, छातीभोवती टेप धरून श्वास घ्यायला लावला. मग एक्स-रे, रक्त. चार दिवसांनी त्यांनी दोघींना समोर बसवलं. मणक्यांच्या सांध्यांना आतून सूज येते, म्हणाले. दुर्लक्ष केलं तर मणके हळूहळू एकमेकांना जुळत जातात आणि माणूस वाकलेलाच राहतो. समूळ जात नाही, पण ताब्यात ठेवता येतं. गोळ्या जेवणानंतर. रोज व्यायाम, चुकवायचा नाही. उशी पातळ. डोळा लाल होऊन दुखला, तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर. "आणि पाठीला जास्त आराम देऊ नका. ओळखायला उशीर होतो ह्यात," ते सासूबाईंकडे बघून म्हणाले, "तुम्ही नेमकं सांगितलंत म्हणून सोपं गेलं."

डॉक्टरांना वाटलं, आपण कौतुक करतोय. बसमध्ये सासूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. आमचा स्टॉप आला तेव्हा म्हणाल्या, "मी तुला खोटी म्हटलं गं." मला राग होता, आणि इतकं हलकंही वाटत होतं, की उतरताना पाय जमिनीला लागतायत की नाही कळेना.

दुसऱ्या दिवशी सहाला चप्प आवाज आला तो आमच्याच दारातून. मी धडपडायला लागले, तर आतूनच ऐकलं. समोरच्या अक्का घाबऱ्याघुबऱ्या विचारत होत्या, "काय झालं? रांगोळी नाही?"

"कोणी गेलं नाही, अक्का," सासूबाईंनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. "माझ्या सुनेची पाठ दहाला उठते. आमच्याकडं रांगोळी दहाला!"

स्वतः काढायची म्हटलं असतं तर त्यांना सहज जमलं असतं. पण नाही. सडा त्या घालायच्या, रांगोळी माझी. मधले चार तास फरशी कोरी. पहिले काही दिवस लोक दचकायचे, मग कोणी विचारेनासं झालं. आठ वाजता मी भिंतीला टाचा लावून उभी राहायची, तेव्हा माझं डोकं आणि भिंत ह्यांच्यामध्ये त्या बोटं घालून बघायच्या. "आज बोट जात नाही हं," म्हणायच्या, आणि स्वतःच खूश व्हायच्या.

अशी सहा वर्षं गेली. मग एका सकाळी सहा वाजून गेले तरी चप्प आवाज आला नाही. मी भिंत धरत धरत त्यांच्या खोलीत गेले. झोपेतच गेल्या होत्या. नवरा थोरल्या दिरांना आणायला शहराच्या दुसऱ्या टोकाला, बनशंकरीला गेला, त्यांच्याकडं फोन नव्हता. मी सासूबाईंजवळ बसले. कुणाला हाक मारावीशीच वाटेना. दूधवाला येऊन गेला, पेपर पडला, शाळेची मुलं गेली. उघड्या दारापुढं कोरी, कोरडी फरशी, आणि एकही माणूस थांबलं नाही.

दहा वाजून गेल्यावर समोरच्या अक्का पायरीपाशी आल्या. "आज रांगोळी कुठाय?" त्यांनी विचारलं.