एकाची संमती पुरे

आमच्या ऑफिसात माझ्या तोंडी लागायला कोणी धजत नाही. आवक-जावकच्या टेबलावर दहा वर्षं काढली की जिभेला आपोआप धार येते. लोक येतात, ओरडतात, अर्ज आपटतात. मी मान वर न करता शिक्का मारते आणि एका वाक्यात माणूस गार करते. साहेबांनासुद्धा माझ्याकडून जुनं पत्र काढून हवं असलं की ते आधी चहा सांगतात. अशी मी. आणि जिथे एकच शब्द बोलायचा होता, तोही एवढासा, तिथे माझी दातखीळ बसली.

नवरा माझा कॅथलिक, सेवाग्रामला दवाखान्यात एक्स-रे काढतो. आम्ही बौद्ध. वडील आर्वी तालुक्यातले, रोहण्याचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी करून निवृत्त झालेले. मी लग्नाचा विषय काढला तेव्हा त्यांनी मुलाची जात विचारली नाही की पगार. एवढंच म्हणाले, की कोणाशीही कर, पण धम्म सोडू नको. माझे आजी-आजोबा छप्पन साली नागपूरला गेले होते आणि लाखो लोकांबरोबर त्यांनी दीक्षा घेतली होती. आपल्या गळ्यात धर्म कोणी बांधला नाही, आपण तो आपल्या तोंडानं मागून घेतला, हे बाबांचं नेहमीचं वाक्य. लहानपणी ते इतक्यांदा ऐकलं होतं की मला त्याचा कंटाळाच यायचा.

नवऱ्याने शब्द दिला की तुला काही बदलावं लागणार नाही. ते खरंही निघालं. बिशपांची परवानगी आली की वेगळ्या धर्माच्या माणसाशीही चर्चमध्ये लग्न लागतं. फक्त त्याआधी सहा शनिवार संध्याकाळी फादरांपुढे जाऊन बसायचं.

फादर मूळचे वसईचे, सत्तरी ओलांडलेले. त्यांना शब्दांचं भारी वेड. आम्हाला संसाराचा उपदेश करायचं सोडून ते एकेका शब्दाची साल काढत बसायचे. पाद्री हा शब्द पोर्तुगिजांनी आणला आणि त्याचा अर्थ नुसता बाप. मिस्सा म्हणजे त्यांची रविवारची उपासना. पण मूळ लॅटिनमध्ये तो उपासना संपल्यावर लोकांना दिलेला निरोप, की जा आता, तुम्हाला पाठवलं आहे. मी म्हटलं, म्हणजे सगळ्या कार्यक्रमाला आभारप्रदर्शनाचं नाव पडलं म्हणायचं. ते माझ्याहून जास्त हसले. बिशप म्हणजे ग्रीकमध्ये देखरेख करणारा. मी म्हटलं, आमच्याकडे त्याला पर्यवेक्षक म्हणतात आणि तो कधी जागेवर सापडत नाही. कॅथलिक म्हणजे सगळ्यांसाठी असलेलं. बाप्तिस्मा म्हणजे पाण्यात बुचकळून काढणं. पुढे ते डोक्यावर तीनदा पाणी ओतण्यावर आलं. सॅक्रामेंट म्हणजे त्यांचे सात पवित्र संस्कार, पण जुन्या रोममध्ये सैनिक भरती होताना जी शपथ घ्यायचा तिला हा शब्द होता.

मला सगळ्यांत आवडला तो पॅरिश. एका चर्चच्या भोवतालची सगळी कुटुंबं मिळून पॅरिश होते. फादर म्हणाले, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ परक्या गावात वस्तीला राहिलेली उपरी माणसं. मी हे फोनवर बाबांना सांगितलं. ते म्हणाले, की मग ती तर आपल्यासारखीच निघाली, गावाच्या कडेला राहणारी. त्या दिवसापासून फादरांबद्दल त्यांचं मत चांगलं झालं, आणि दर शनिवारी आज कोणता शब्द झाला म्हणून ते स्वतः फोन करून विचारू लागले.

सहाव्या शनिवारी फॉर्म आला. त्यात नवऱ्याने लिहून द्यायचं होतं, की होणाऱ्या मुलांचा बाप्तिस्मा व्हावा आणि ती कॅथलिक म्हणून वाढावीत यासाठी मी माझ्याकडून सगळे प्रयत्न करीन. त्याखाली माझी ओळ, की या वचनाची मला कल्पना देण्यात आली आहे. फादरांनी दोनदा वाचून दाखवलं आणि विचारलं, समजलं का? मी म्हटलं, समजलं.

आता इथे माझी नोकरी आडवी आली. ऑफिसात आम्ही येईल त्या कागदाची पोच देतो. माणसाने अर्जात लिहिलं असेल की मला कलेक्टर करा, तरी आम्ही दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही करून देतो. कागद मिळाला, एवढाच त्याचा अर्थ. मान्य-अमान्य पुढे साहेब बघतील. मी तो फॉर्म तसाच पाहिला. वचन त्याचं, निभावणं त्याचं, आपण फक्त पोच देतोय. झटक्यात सही केली आणि सवयीने खाली तारीखही टाकली.

पुढे आम्हाला मुलगी झाली. ती तीन महिन्यांची झाली तशी सासूबाईंनी हळूच विचारलं, की बेटा, बाप्तिस्म्याचं कधी करायचं? त्या कजाग असत्या तर सोपं होतं, मी तिथल्या तिथे हिशेब चुकता केला असता. पण या बाईने बाळंतपणात माझे पाय चेपले होते. रोज पहाटे उठून शेकशेगडी केली, डिंकाचे लाडू वळले. माझ्या बुद्धाच्या तसबिरीपुढची मेणबत्ती संपली तर मला न सांगता नवी आणून ठेवायच्या. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? मी म्हटलं, बघू.

नवऱ्याशी मात्र भांडले. म्हटलं, तिला मोठी होऊ दे, तिचं ती ठरवेल. तो शांतपणे म्हणाला, तू सही केली होतीस. मी म्हटलं, कळलं म्हणून केली होती, मान्य म्हणून नाही. त्यावर तो म्हणाला, की कळलं होतं तर तेव्हाच बोलायचं होतं, मी काय तुझ्यापासून लपवलं का? खरंच त्याने काही लपवलं नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ. इतका राग आला, आणि तो काढायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

बाबांना सांगितलं तेव्हा ते ओरडले नाहीत. फक्त विचारलं, "त्या पोरीले कोणी इचारलं का?" मी म्हटलं, ती चार महिन्यांची आहे, बाबा. त्यांनी फोन ठेवला. मग पंधरा दिवस त्यांचा फोन नाही. मी केला तर भाऊ उचलायचा आणि सांगायचा, बाबा वावरात गेले. मास्तरकी केलेला माणूस, वावराचं तोंड वर्षातून दोनदा पाहणारा. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मी मधल्या दांडावर पोरीला कडेवर घेऊन उभी. रात्री झोप नाही, ऑफिसात लक्ष नाही. एकदा तर मी आवकच्या रजिस्टरला जावकचा नंबर टाकला.

शेवटी एकटीच फादरांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, की नियमाने बाप्तिस्म्याला आई-बापांपैकी एकाची संमती पुरे. म्हणजे माझी लागतच नव्हती. मी 'हो' म्हटलं काय आणि 'नाही' म्हटलं काय, कागदाला फरक पडत नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचंच.

फादरांनी पाण्याचा पेला पुढे केला. म्हणाले, "विधी चर्चच्या दारात सुरू होतो. तिथे मी दोघांनाही विचारतो, या बाळासाठी तुम्ही काय मागता. तुम्ही नाही म्हणालात तर मी तिथेच थांबेन. बिशपांना काय सांगायचं ते माझं मी पाहीन."

एवढी मोकळीक मला घरात कोणी दिली नव्हती. घरी येताना सायकलरिक्षात मी हसत होते. पुढचे आठ दिवस मी तो शब्द घोकला. भांडी घासताना, बाळाला दूध पाजताना, ऑफिसात शिक्का मारताना. नाही. चिडून नको, रडून नको, सरळ म्हणायचं. बाबांनाही भावाकरवी निरोप धाडला की रविवारी या, मला बोलायचं आहे ते ऐकायला या.

रविवार आला. सासूबाईंनी पोरीला पांढरा झबला घातला होता, तो त्यांनीच महिनाभर बसून विणलेला. आम्ही दारात उभे राहिलो. मागे नवऱ्याचे नातेवाईक, शेजारपाजार, सगळे मिळून पन्नासेक माणसं. बाबा आले होते. पांढरा शर्ट घालून, कडुनिंबाखाली, सगळ्यांपासून वेगळे. फादर आतून आले. त्यांनी बाळाचं नाव विचारलं, नवऱ्याने सांगितलं. मग त्यांनी विचारलं, या बाळासाठी तुम्ही देवाच्या मंडळीकडे काय मागता?

नवरा म्हणाला, बाप्तिस्मा.

फादर माझ्याकडे वळले आणि थांबले. उगाच नाही, चांगले थांबले. सासूबाई माझ्या शेजारी होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघून हसल्या, काही माहीत नसलेल्या माणसासारख्या. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. मी तोंड उघडलं. मागे कोणीतरी खोकलं. स्वयंपाकाला आचारी लागला होता, पुलावाचा वास येत होता, आणि माझ्या मनात आलं की आता नाही म्हटलं तर एवढ्या माणसांच्या जेवणाचं काय होणार. असला विचार आला माझ्या मनात, लाज वाटते सांगायला. फादर आणखी थोडे थांबले. मग त्यांनी मान खाली घातली आणि आम्हाला आत घेतलं.

पोरीच्या डोक्यावर तीनदा पाणी पडलं. ती रडलीसुद्धा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मीही वाजवल्या.

जेवणं सुरू झाली तशी मी पोरीला घेऊन कडुनिंबाखाली गेले. बाबा जेवले नव्हते. त्यांनी तिला माझ्याकडून घेतलं, रुमालाने तिचे ओले केस पुसले, नीट कोरडे होईपर्यंत पुसले. मला वाटलं, आता दोन शिव्या देतील आणि मी मोकळी होईन. मी आधीच सुरुवात केली. म्हटलं, बाबा, मी हो म्हटलं नाही, तुम्ही पाहिलं ना, मी एक शब्द बोलले नाही.

ते म्हणाले, "मले बी कोणी इचारलं नव्हतं. छप्पन साली मी सहा महिन्याचा होतो, मायच्या कडेवर."

हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे वर्षं मोजली असती तर कळलं असतं, पण मी कधी मोजली नव्हती. आपण तोंडानं मागून घेतलं म्हणणारा माणूस स्वतः तेव्हा तान्हा होता.

"तेच्यात काई वाईट नाई," ते म्हणाले. "लेकराच्या वतीनं मायबापच बोलते. माही माय अडाणी, पण लय मोठ्यानं बोलली होती म्हणे. मी दचकून उठलो तिच्या आवाजानं." त्यांनी पोरीला माझ्या हातात परत दिलं. "तू तर शिकलेली. तू काऊन नाई बोलली?"

ओठांवर सतरा उत्तरं आली. सासूबाई, सही, नियम, लोक, जेवण. ऑफिसात असते तर एक तरी फेकून मारलं असतं.

"भेली मी, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. ओला रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि आर्वीच्या बसला उशीर होईल म्हणून न जेवता निघून गेले.