आईची कपड्यांसकट आंघोळ

आई सौदीत आमच्याकडे हफ्र अल बातिनला आली तेव्हा तिचं विसरणं आम्हाला माहीत होतं. जेवून उठली की पुन्हा ताट मागायची. माझ्या बायकोला कधी सून म्हणायची, कधी शेजारीण. त्याची आम्ही तयारी केली होती. बाहेरच्या दाराला उंचावर कडी बसवली, गॅसचा कॉक बंद ठेवायची सवय लावून घेतली, संडासाच्या दारावर लाल कापड अडकवलं, म्हणजे तिला ते लांबून ओळखू यावं. आंघोळीचा मात्र कुणी विचारच केला नव्हता. त्यात विचार करण्यासारखं असतं तरी काय?

ती कुडाळकडे गावी भाऊ-वहिनीजवळ असायची. वहिनीचं ऑपरेशन ठरलं, म्हणून मी तिला व्हिजिट व्हिसावर इकडे आणलं. बायको इथल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे, तिची सकाळची ड्यूटी. मी एका कंपनीचा एसी प्लांट सांभाळतो. आईसाठी मी संध्याकाळची पाळी मागून घेतली. म्हणजे सकाळपासून दुपारपर्यंत आई माझ्याकडे.

सुरुवातीला बायकोने तिला कशीबशी न्हाऊ घातलं. मग आई बाथरूमच्या दारातच अडून राहायला लागली. चौकट अशी धरायची की बोटं सोडवता यायची नाहीत. बायको वैतागून म्हणायची, "हॉस्पिटलात सगळ्यांना पुसून काढते, आणि घरात सासू हाताला लागत नाही."

मग मी प्रयत्न केला. साडी फेडायला हात पुढे केला, तशी ती मागे सरकली.

"मेल्या, तुका लाज नाय? परक्या बायलमाणसाक हात लावतस?"

"आये, मी तुझो झील."

"माझो झील इतकोसो हा," म्हणून तिने हाताने लेकाची आपल्या गुडघ्याएवढी उंची दाखवली आणि पदर गच्च धरून भिंतीकडे तोंड केलं.

असे दिवसांमागून दिवस गेले. कमरेला परकराची नाडी बसते तिथे लाल चट्टे उठले. बायकोने ते पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. "हे फुटलं तर भरून यायला फार वेळ लागेल," ती म्हणाली. त्या शुक्रवारी आम्ही दोघांनी मिळून आंघोळ घालायचीच असं ठरवलं. मी आईला धरलं, बायकोने कपडे उतरवले आणि शॉवर सोडला. डोक्यावर पाणी पडताच आई जी किंचाळली, ती जिन्यापर्यंत ऐकू गेली असणार. तिने माझ्या गालावर नखं ओढली. पाय घसरला, मी कमरेला मिठी मारली म्हणून वाचली.

बायकोने शॉवर बंद केला. "पुरे," ती म्हणाली. "तिच्या तोंडाकडे बघ. आपण कोण वाटतोय तिला?"

मी पाहिलं. दोन्ही हात छातीवर घेऊन ती थरथरत होती. दोन चोरांच्या तावडीत सापडलेल्या बाईसारखी.

त्याच संध्याकाळी बेल वाजली. खाली घरमालकाचं कुटुंब राहतं. त्याची म्हातारी आई वर आली होती, हातात कॉफीचा थर्मास आणि खजूर. ओरडणं ऐकून आली हे उघड होतं. इथल्या रिवाजाप्रमाणे मी आतल्या खोलीत गेलो. बायकोला हॉस्पिटलमुळे बऱ्यापैकी अरबी येतं. भिंतीपलीकडून मला तिघींचं बोलणं ऐकू येत होतं. आई मालवणीत आंब्याच्या कलमांबद्दल सांगत होती, ती म्हातारी अरबीत "अय्वा, अय्वा" म्हणजे हो हो करत होती, आणि दोघींचं छान चाललं होतं.

ती गेल्यावर बायको आत आली. तिच्या हातात एक सुती पायघोळ झगा होता, इथल्या बाया घरात घालतात तसा, ढगळ आणि फुलाफुलांचा.

"काय म्हणाली?"

"तिची स्वतःची आईपण अशीच झाली होती. विचारत होती, तुम्ही हिला उघडी का करता? झगा घालून बसवा, झग्यावरूनच पाणी ओता. शुवय्या शुवय्या, हळूहळू."

मला गावचा वहाळ आठवला. आमच्या गावी बाया वहाळावर लुगडं नेसूनच आंघोळ करत. ओल्या लुगड्यावर सुकं गुंडाळून आतलं सोडत. आईला उघड्याने आंघोळ करताना तिच्या आईनेही मोठेपणी पाहिलं नसेल. आणि आम्ही तिला ट्यूबलाइटखाली उभं करून डोक्यावर पाणी सोडत होतो.

दुसऱ्या दिवशी बायको ड्यूटीला गेल्यावर मी एसी बंद केला. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चटका बसेल इतकं तापतं, म्हणून बादली आधीच भरून निवत ठेवली. बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल मांडलं, खाली ओला टॉवेल पसरला, म्हणजे पाय घसरायला नको. झगा तिने न कुरकुरता घातला. फुलं बघून खूशच झाली. मी तिला स्टुलावर बसवलं आणि तांब्या हातात दिला. आंघोळ हा शब्द काढलाच नाही.

तिने तांब्याकडे पाहिलं. बादलीत बुडवला. आधी पायांवर पाणी घेतलं, मग गुडघ्यांवर. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, तू तकडे बघ."

दादा म्हणजे माझा मामा, तिचा थोरला भाऊ. मी पाठ फिरवली. साबण खांद्यावरून मागे धरला, तो तिने घेतला. मागे पाणी सांडल्याचा, कापड चोळल्याचा आवाज येत होता. मी भिंतीवरच्या टाइल्स बघत उभा होतो.

"दादा, यंदा फणस इले?"

"इले तर. लय इले."

"मगे माका पाठव," ती म्हणाली. आणि पाठोपाठ गार पाण्याचा अख्खा तांब्या माझ्या मानेवर पडला. मी दचकून वळलो. ती लहान मुलीसारखी हसत होती. मीही हसलो. मग मी कपड्यांसकट तिथेच खाली बसलो आणि तिने माझ्या डोक्यावर आणखी दोन तांबे ओतले.

शेवटी तिच्या खांद्यावर मोठं सुकं पांघरूण टाकलं आणि आतून ओला झगा तिनेच सोडला. हात तिचे विसरले नव्हते. कमरेला मलम मात्र नंतर बायकोनेच लावलं.

बायको आली तेव्हा आई आमटीभात खाऊन गाढ झोपली होती. बायकोने दारातून पाहिलं, जवळ जाऊन आईच्या केसांना हात लावून बघितला आणि युनिफॉर्म न बदलता माझ्याशेजारी सोफ्यावर बसली.

"रडली?"

"नाही."

"ओरडली?"

"नाही गं. हसली."

तिने डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटले. पाचच मिनिटांत तिलाही झोप लागली.

पुढे रोज जमलं असं नाही. काही दिवस ती तांब्या बाजूला ठेवून द्यायची. मग आम्ही ओल्या फडक्याने हातपाय पुसायचो आणि विषय सोडून द्यायचो. चट्टे मात्र सुकले. मी कोण, हे तिला इथे असेपर्यंत नक्की ठरवता आलं नाही. कधी दादा, कधी मेस्त्री. एकदा घरमालकाच्या आईने खालून दुसरा झगा पाठवला, निळा. आई तो घालून दिवसभर घरात मिरवली आणि भेटेल त्याला विचारत राहिली, "कसो दिसता?"

बरो दिसता, आम्ही म्हणायचो.