आठवी रांग

एकही नाटक न पाहता नाटकाविषयी इतक्या अधिकाराने बोलणारा माणूस अख्ख्या सुरतेत आमच्या फुवांखेरीज दुसरा सापडला नसता. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आम्हा खानदेशी लोकांत आत्याला फुई आणि तिच्या नवऱ्याला फुवा म्हणतात. लिंबायतला लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, त्यांनी तीस वर्षं माग चालवले आणि सुट्टीच्या दिवशी रद्दीच्या दुकानातून पुस्तकं आणली. पण कोणती? कादंबरी नाही, पोथी नाही. नाटक कसं बसवावं, सिनेमात उजेड कुठून टाकावा, मालिकेची पटकथा कशी लिहावी, नाचताना पाऊल कसं टाकावं, असली. नवागामच्या त्यांच्या दीड खोलीत देवाला एक कोनाडा मिळाला आणि बाकीच्या भिंती या पुस्तकांना. "यास्नी एक बी नाटक देखेल नही, आनि पुस्तकास्ना डोंगर रची ठेया!" असं फुई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

वाचलेलं वाया घालवायचं नाही, हा फुवांचा बाणा. पावलांच्या आकृत्या असलेलं नृत्याचं पुस्तक हाती लागलं, तेव्हा ते एका हातात पुस्तक धरून महिनाभर गॅलरीत थयथय करत होते. खालच्या मजल्यावरचे गुजराती काका "भाई, छत पडशे!" म्हणत वर आले, तर फुवांनी त्यांनाच दुसऱ्या आकृतीत उभं केलं. माझ्या लग्नात तर कहर झाला. हार घालून झाले, टाळ्या वाजल्या, आणि फुवा मांडव हलेल असे ओरडले, "थांबा! उजेड पाठीमांगून येई ऱ्हायना!" आम्ही नवराबायकोने हार काढले, तोंडं उजेडाकडे फिरवली आणि पुन्हा घातले. फोटो मात्र सुरेख आले, हे मान्य करायला हवं.

फुवा बोलतात ते दोन गल्ल्यांना ऐकू जाईल असं, आणि ऐकतात ते समोरच्याच्या तोंडावर नजर रोखून. पाहुणे बिचारे मिशीला काही लागलंय की काय म्हणून रुमाल फिरवत बसतात. खात्यातल्या खडखडाटात शब्द ऐकू येत नाही, कारीगर एकमेकांच्या ओठांवरूनच बोलणं ओळखतात. ती सवय अजून सुटली नसेल, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

एका गोष्टीची मात्र ते थट्टा करू देत नसत. "मराना पहिले एक डाव पडदा उघडतांना देखना शे मले," असं ते म्हणत, आणि तेव्हा त्यांच्याकडे बघवत नसे. सुरतेत मराठी नाटक येणार क्वचित, आणि आलं तर नेमकी त्याच दिवशी यांची पाळी. असं करता करता नोकरी संपली. गेल्या हिवाळ्यात शहरात एका नाटकाचा प्रयोग लागला, तेव्हा मी मोबाईलवर पहिल्या रांगेची दोन तिकिटं काढायला बसलो. फुवांनी माझा हात धरला. "आठवी! पुस्तकमा लिखेल शे, खरं नाटक आठवी रांगमाईन दिसस." मी निमूटपणे आठवी काढली.

इस्त्रीचा सदरा, खिशात पेन, अशा थाटात फुवा बसले. पडदा उघडला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं ते दोन अंक सोडलं नाही. शेवटी नायिका घर सोडून निघते, दारापाशी थांबते आणि प्रेक्षकांकडे पाठ करून एकच वाक्य बोलते. सभागृहात हुंदके ऐकू आले. मी मात्र त्या क्षणी रंगमंचाकडे नाही, फुवांकडे बघत होतो. ते पुढे झुकून मान कधी डावीकडे, कधी उजवीकडे करत होते, त्या बाईचा चेहरा दिसावा म्हणून.

रिक्षात बसल्यावर ते चिडले. "पाठ कशी काय करी तिनी? पहिलाच पानवर लिखेल शे, पाठ करानी नही!" मग सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा मी प्रथमच ऐकत होतो अशा हळू आवाजात त्यांनी विचारलं, "काय बोलनी रे ती?"

तेव्हा मला कळलं. ती सवय नव्हती. मागांनी त्यांचे कान केव्हाच नेले होते आणि आम्हाला पत्ता नव्हता. फुईला असावा. मला फार लाज वाटली, कारण दोन्ही कान शाबूत असून ते वाक्य मलाही सांगता येईना. फुवांकडे बघण्याच्या नादात ते निसटलं होतं. मी त्यांच्याकडे तोंड केलं आणि सुचलं ते सांगितलं, "दार लावून घ्या, वारा फार आहे." त्यांनी ते दोनदा म्हणवून घेतलं आणि डोळे पुसले.

आता ते वाक्य फुवा नवागामभर सांगतात, आणि इतकं सुंदर सांगतात की ऐकणाऱ्या बायका पदर डोळ्यांना लावतात. मला मात्र खरं वाक्य ऐकायचंय. ती बाई काय बोलली असेल, या विचाराने मी कासावीस होतो, आणि तो प्रयोग सुरतेत पुन्हा लागलाय का हे रोज मोबाईलवर बघतो. लागला तर या वेळी फुवांचं काहीएक न ऐकता त्यांना पहिल्या रांगेत बसवीन. ती तेव्हाही पाठ फिरवेलच, आणि फुवा माझ्या ओठांकडे बघतील.