गाऱ्हाण्यातली एक ओळ

दरवर्षी डिसेंबरच्या शेवटी शाळेला सुट्टी लागली की आमचं घर दोन दिवस डोंगरात राहायला जातं. घर म्हणजे मी, नवरा, मुलगी, धाकटा दीर आणि जाऊ. सासरेही यायचे, गुडघे गेल्यापासून ते जोगेश्वरीला घरीच थांबतात. पहिला तंबू दिराने ऑफिसातल्या कोणाकडून जुना घेतला होता, तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. आता ती पंधराची आहे.

आम्ही भाड्याची गाडी करून पायथ्याच्या गावापर्यंत जातो. तिथून तासभर चढलं की एक सपाट माळ लागतो. बाजूला पाण्याचं टाकं आहे, चार झाडं आहेत. तिथे दोन तंबू पडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे वरच्या कड्यावर जातात. तिथे जायला तीन तास लागतात. कड्यावरून खाली सरळ कोकण दिसतं म्हणतात. आणि वारा खालून वर येतो. टोपी खाली टाकली तर ती वाऱ्याबरोबर परत वर येते, हे मी बारा वर्षं ऐकत होते.

मी वर गेले नव्हते. पहिल्या वर्षी मुलगी लहान म्हणून थांबले. दुसऱ्या वर्षी आम्ही सगळेच टाक्यावर भांडी घासायला गेलो आणि माकडांनी तंबू फाडून पोळ्या, बिस्किटं, साखर सगळं नेलं. तेव्हा ठरलं की सामानापाशी कोणीतरी थांबायचं. मी म्हटलं, मी थांबते. त्यानंतर कोणी विचारलं नाही आणि मी बोलले नाही. सकाळी सगळे बुटांच्या नाड्या बांधायचे आणि मला चूल कुठे लावायची ते माहीत असायचं. सगळे परत येईपर्यंत डाळभात तयार. वाईट काही नव्हतं. माळावर ऊन चांगलं लागतं, पक्षी असतात. पण दिवसभर मी काठी घेऊन माकडांकडे बघत बसायची, आणि संध्याकाळी जेवताना पुन्हा टोपीची गोष्ट.

मला चारचौघांत बोलायला जमत नाही. घरातल्या माणसांतसुद्धा स्वतःसाठी काही मागायचं म्हटलं की मी विषय बदलते. हे लहानपणापासून आहे. दुकानात सुट्टे कमी मिळाले तरी मी तशीच घरी येते. आणि जितकी वर्षं जास्त गेली तितकं ते सांगणं अवघड झालं. बारा वर्षांनी अचानक मला वर यायचंय म्हटलं तर सगळे विचारणार, मग इतकी वर्षं का नाही बोललीस?

आमची माणसं मालवणकडची. परक्या जागी मुक्काम करायचा तर आधी तिथल्या राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. एकाने देवाला सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं. हे काम सासऱ्यांचं होतं. ते यायचे थांबले त्या वर्षी दिराने आठवेल तसं म्हटलं, तर मधेच अडकून तो हिंदीत गेला आणि जाऊ हसत सुटली. घरी आल्यावर सासऱ्यांना ते कळलं. ते चिडले.

पुढच्या डिसेंबरात निघायच्या आधी त्यांनी स्वयंपाकघरात येऊन मला हाक मारली.

"गो, कागद घे. ह्येंका पाठ व्हवचा नाय. मी सांगतंय, तू लिही. मोठ्या अक्षरात लिही, तुझ्या घोवाचो चष्मो घरात रवता."

मी चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा खाडीपलीकडे होती. पण अक्षर माझं चांगलं आहे, घरातल्या याद्या, गॅसवाल्याला चिठ्ठी, सगळं मीच लिहिते. मी डब्यांच्या फळीवर वही ठेवून लिहीत गेले. सासरे सांगून झाले आणि टीव्हीसमोर जाऊन बसले. शेवटच्या ओळीच्या वर थोडी जागा राहिली होती. मी कुकरची शिट्टी होईपर्यंत त्या जागेकडे बघत उभी राहिले. मग त्यात एक ओळ लिहिली. देवाला सांगायच्या बोलण्यात, तेही सासऱ्यांच्या तोंडचं म्हणून, आपलं काही घुसवणं बरोबर नव्हतं हे मला कळत होतं. खोडावंसं वाटलं. खोडलं नाही. मुलीचे जुने स्पोर्ट्स शूज मला होतात, ते पिशवीत तळाशी टाकले.

माळावर पोचलो तेव्हा दुपार होती. तंबू लावायच्या आधी नवऱ्याने झाडाखाली नारळ ठेवला, अगरबत्ती लावली आणि कागद लांब धरून तो वाचायला लागला. तो कुठलीही गोष्ट भराभर वाचतो, वर्तमानपत्रसुद्धा.

"बा देवा म्हाराजा, ह्या डोंगराच्या राखणदारा, आज ही तुझी लेकरां तुझ्या जाग्यात रवाक इली हत..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो नारळ तुझ्या पायाकडे ठेवलेलो हा, तो मान्य करून घे..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्येंका काटोकुटो लागाक देव नको..."

"व्हय म्हाराजा!"

"नि ह्या खेपेक थोरली सून पण वर कड्यार येतली, सामानाची राखण तूच कर रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांनी म्हटलं. दिराने तर सगळ्यात मोठ्याने म्हटलं. मी म्हटलं नाही. नवरा पुढची ओळ वाचणार तर थांबला. कागद जवळ घेतला, परत लांब धरला.

दीर म्हणाला, "थांब थांब. थोरली सून म्हणजे वहिनी ना? वहिनी, बाबांनी तुमची डायरेक्ट वरपर्यंत शिफारस लावली की!"

"गप रे," नवरा म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "हे बाबांनी सांगितलं?"

हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. कागदभर अक्षर माझंच होतं, कोणाला काही कळलं नसतं. पण अगरबत्ती पेटलेली होती आणि नारळ समोर होता.

"नाही," मी म्हटलं. "मी लिहिलं."

मी खाली बघून चपलेने माती सारखी करत होते.

"अगं, मग तोंडाने सांगायचं ना," नवरा म्हणाला. तो रागावला नव्हता. "देवाच्या कागदात कशाला?"

मुलगी म्हणाली, "आई, तुला यायचं होतं? मला वाटलं तुला चढायला आवडत नाही."

"असं कोण म्हणालं?"

"कोणी नाही. तू येत नाहीस ना, म्हणून."

जाऊ पुढे आली आणि नवऱ्याला म्हणाली, "दादा, आपण सगळे व्हय म्हाराजा म्हणून मोकळे झालोय. आता फिरवता येणार नाही. तुम्ही शेवटची ओळ वाचा, मला भूक लागलीय."

नवऱ्याने शेवटची ओळ वाचली, सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा. मग नारळ फोडला.

सकाळी सामानाचं काय करायचं यावर दोघे भाऊ बोलत बसले. दीर म्हणाला, राखणदाराला सांगितलंय, मग काळजी कसली. नवरा म्हणाला, राखणदार माकडांना ओळखत नाही. शेवटी जावेने खाण्याच्या सगळ्या वस्तू दोन पाठपिशव्यांत भरल्या. एक दिराच्या पाठीवर, एक नवऱ्याच्या. तंबूत नुसती पांघरुणं आणि भांडी राहिली. माकडं पांघरुणं नेत नाहीत. पाच मिनिटांचं काम होतं. बारा वर्षांत ते कोणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही. पिशव्यांच्या चेन लावताना नवऱ्याच्याही ते लक्षात आलं असावं. त्याने माझी पाण्याची बाटली न विचारता आपल्या पिशवीत टाकली.

चढ माझ्या अंदाजापेक्षा जास्त होता. दोनदा मी खाली बसले. दीर पुढून ओरडायचा, "वहिनी, बस आलंच!" आणि ते काही येत नव्हतं. एका ठिकाणी खडकाला लोखंडी कठडा आहे, तिथे मुलीने मागून माझ्या कमरेला हात लावून ठेवला. चौदा वर्षांच्या मुलीचा हात इतका भक्कम असतो हे मला माहीत नव्हतं.

कड्यावर पोटावर झोपून पुढे सरकायचं आणि खाली बघायचं. मी बघितलं. खाली फार खोलवर शेतं होती, पांढुरका रस्ता होता, पुढे सगळं धुरकट. आमचं गाव त्यात असलं तरी दिसण्यासारखं नव्हतं. त्या दिवशी वारा नव्हता. दिराने मला दाखवायचं म्हणून टोपी खाली टाकली. ती सरळ गेली ती गेलीच. सगळे इतके हसलो की जावेला ठसका लागला. टोपी नवी होती. माळावर परत येईपर्यंत दीर डोक्याला रुमाल बांधून फिरला.

मी तिथे अर्धा तास बसले. कोणी चल म्हटलं नाही.

माळावर परतलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती आणि जेवण तयार नव्हतं. दोघा भावांनी भात लावला. वर चिकट, खाली कच्चा. सगळ्यांनी खाल्ला.

घरी आल्यावर सासऱ्यांना चहा दिला तेव्हा त्यांनी विचारलं, "गाऱ्हाणां बरोबर वाचल्यान मां?"

मी त्यांना ओळीचं सांगून टाकलं. त्यांनी चहा पिऊन संपवला. मला वाटलं आता ओरडतील.

"नारळ किती नेलेलास?"

"एक."

"इतक्या सगळ्याक एक? दोन व्हये हुते," ते म्हणाले, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

या वर्षी कागद तोच आहे. त्यातली माझी ओळ मी खोडली, तिथे आता तिचं काम नाही. परवा रात्रीच्या जेवणानंतर पिशव्या काढत असताना नवऱ्याला म्हटलं, "मी वर येणार आहे."

"ते धरलंच आहे," तो म्हणाला. "वर खायला पोळ्या किती घ्यायच्या ते सांग."